सत्तेचाळीस प्रमाणपत्रं आणि सात मुलांची वजाबाकी

आदरणीय मॅडम,

सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. नोकरीला १४ वर्षं झाली. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. परवा कपाट आवरताना प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं मोजली. दीक्षा या सरकारी ॲपवरची छापून ठेवलेली धरून ४७ भरली. खरं सांगते, त्यातल्या निम्म्यांत काय शिकवलं होतं ते मला आठवत नाही. व्हिडिओ चालू ठेवून मी भाजी निवडलेली आहे. वर्षाचे ५० तास भरायचे असतातच, टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, ओझं डोक्यावर आहे. पण या मे महिन्यात स्वतःच्या मनानं, खरंच उपयोगी पडेल असं काही शिकावं असं वाटतं. बाजूला टाकलेले २० हजार रुपये आहेत. मुक्त विद्यापीठातून एम.ए. शिक्षणशास्त्र करू, की 'शिक्षकांसाठी एआय' असा तीन दिवसांचा वर्ग आहे (फी १८ हजार) तो करू, की इंग्रजी संभाषणाचा? आमचे मिस्टर म्हणतात, एम.ए. कर, पदवी कुठे जात नाही. मैत्रिणी म्हणतात, एआय शिकली नाहीस तर मागे पडशील. तुम्हीच सांगा. इकडे तिसरीतल्या अकरापैकी सात मुलांना अजून हातच्याची वजाबाकी येत नाही म्हणून रोज जीव तुटतो, ते वेगळंच.

— एक शिक्षिका

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी अडखळले. 'ते वेगळंच' असं लिहून तुम्ही पत्र संपवलंत. मला ते मुळीच वेगळं वाटत नाही. मे महिन्यात काय शिकायचं, याचं उत्तर त्या सात मुलांच्या वह्यांत आहे, आणि तुम्ही ते एम.ए.च्या माहितीपत्रकात शोधताय.

आधी एक गुंता सोडवू. आपल्या नोकरीत 'प्रशिक्षण' या एकाच शब्दाखाली तीन-चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठीचं प्रशिक्षण हा पगाराचा मामला आहे. टीईटी हा नोकरी टिकवण्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालाप्रमाणे ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण व्हायची आहे, आणि तुम्ही त्यात येता. वर्षाचे ५० तास २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आले. ही कामं वेळेवर उरका आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. भाजी निवडत व्हिडिओ पाहिलात ही कबुली तुम्ही फार अपराधी होऊन दिली आहे. दिवसभर दोन वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ग्रुपवर येणाऱ्या 'आजच भरा'च्या लिंका, आणि संध्याकाळी मोबाईलवर तासाभराचं भाषण. त्यात लक्ष लागलं नाही याचा दोष मी तुमच्यावर टाकणार नाही. टीईटीच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताचे आणि ३० बालविकास व अध्यापनशास्त्राचे असतात. त्या अभ्यासासाठी पुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात. तुमचे २० हजार त्यात घालू नका.

ते पैसे आणि तो मे महिना तुमचा आहे. त्याबद्दलच बोलू.

मीही बरीच वर्षं प्रशिक्षणं घेतली आहेत, म्हणजे देणाऱ्याच्या खुर्चीत बसून. एकदा गणिताचं पाच दिवसांचं शिबिर घेतलं. जीव ओतून घेतलं. शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय पत्रांवर 'खूप छान', 'नवी दिशा मिळाली' असं लिहून आलं आणि मी खुशीत घरी गेले. दीड महिन्यानं त्या शिबिराला आलेल्या एका गुरुजींच्या शाळेत गेले. आम्ही दिलेला साहित्याचा संच कपाटात वरच्या फळीवर होता, प्लास्टिकची पिशवीही न काढलेली. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, तिथं सगळं कळलं होतं हो. इथं आल्यावर पहिल्या दिवशी करायला गेलो, मुलं भलतंच काहीतरी बोलली, पुढं काय करायचं ते सुचेना. विचारायला कुणी नव्हतं. मग राहिलंच." त्या माणसात काही कमी नव्हतं. मी पाच दिवस बोलले आणि सहाव्या दिवशी, जेव्हा त्यांना खरी गरज होती, तेव्हा मी तिथं नव्हते. कमी होती ती माझ्या शिबिरात.

अमेरिकेत ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी मांडलं ते हेच होतं: व्याख्यान ऐकून विषय समजतो, पाठ पाहून पटतो, पण शिक्षक आपल्या वर्गात करून बघत असताना सोबतीला कुणी नसेल तर शिकलेलं वर्गात फारसं उतरत नाही. मला ते त्या कपाटापुढे उभी असताना उमगलं.

आता तुमच्या सात मुलांकडे येते. 'हातच्याची वजाबाकी येत नाही' हे निदान झालं नाही, ताई. डॉक्टरनं 'पेशंटला बरं नाही' म्हणण्यासारखं आहे ते. वार्षिक परीक्षेच्या आधी एक दिवस काढा आणि त्या सातजणांना तीनच उदाहरणं घाला: ५२ मधून २७, ६० मधून ३४, ४०३ मधून १५८. उत्तरं बरोबर की चूक हे पाहू नका, चूक कोणती ते पाहा.

५२ मधून २७ वजा करून कुणी ३५ लिहील. त्या मुलानं दोन्ही घरांत मोठ्यातून लहान काढलंय. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर कोण, खाली कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही, कारण त्याच्या लेखी ५२ ही एक संख्या नाहीच. ५ आणि २ असे दोन शेजारी राहणारे आकडे आहेत. हेच मूल ६० मधून ३४ काढून ३४ लिहील आणि तिसऱ्यात ३५५. दुसरं कुणी ६० वजा ३४ चं उत्तर ३६ काढेल. त्यानं हातचा घेतलाय, पण ज्याच्याकडून घेतला त्याचा एक कमी करायचं विसरलाय. त्याला रीत अर्धी पाठ आहे. तिसरं एखादं मूल पहिली दोन बरोबर करेल आणि ४०३ पाशी अडेल, कारण शेजारी शून्य आहे आणि शून्याकडून उसनं काय घेणार? या तिघांना एकच 'पुन्हा नीट बघा' सांगून फळ्यावर तेच उदाहरण पाचव्यांदा सोडवलं तर तिघांनाही काही मिळत नाही.

अजून एक करा. मुलांना 'बावन्न' लिहायला सांगा, न दाखवता, नुसतं उच्चारून. एखादं २५ लिहीलच. आपल्या मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी येतात आणि पन्नास मागून, लिहिताना पन्नास आधी. सत्तावीसचंही तेच. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, थेट विधानसभेत विषय निघाला. तुम्हाला आठवत असेल. भाषा बिघडेल की नाही यावर सगळे बोलले. मागच्या बाकावर बसून बावन्नचे २५ लिहिणाऱ्या पोरीबद्दल फार थोडे बोलले. मला स्वतःला दोन्ही वाचनं शेजारी शेजारी ठेवणं पटतं. तुम्ही करून बघा आणि तुमचं मत बनवा.

आणि वहीतली चूक दिसली की मुलाला जवळ घेऊन एवढंच विचारा, "कसं केलंस, मला सांग बरं." मग गप्प बसा. आपल्याला गप्प बसणं फार जड जातं. मूल अडखळलं की आपण वाक्य पुरं करतो, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय हे कळायची वेळ तिथंच निघून जाते. एका शाळेत मी अशीच बसले होते. ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिणाऱ्या मुलाला मी दहाच्या पाच खोट्या नोटा आणि एकची दोन नाणी दिली. म्हटलं, मी दुकानदार, सत्तावीस रुपये झाले. त्यानं दहाच्या दोन नोटा दिल्या, हातातली दोन नाणी पाहिली आणि लगेच म्हणाला, "दहाचे सुट्टे द्या की." सुट्टे घेऊन सात मोजून दिले, उरलेले मोजले आणि म्हणाला, पंचवीस. मग वहीकडे बघितलं, पुन्हा हातातल्या पैशांकडे. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मग वहीत पण सुट्टे करायचे असतात का?" गुरुवारच्या बाजारात आईच्या भाजीच्या पाटीशी बसून तो रोख पैशांत दर आठवड्याला हातच्याची वजाबाकी करत होता. आम्ही शाळेत तिला 'हातचा' म्हणत होतो आणि त्याला त्या दोघींची ओळख कुणी करून दिली नव्हती.

एवढं लांबण मुद्दाम लावलं. कारण आता तुमच्यापाशी प्रश्न तयार होईल. 'मी काय कोर्स करू' या प्रश्नाला बाजारात शंभर उत्तरं आहेत आणि प्रत्येकाला फी आहे. 'माझ्या चार मुलांना दशक सुट्टा करणं कळत नाही, दोघांचं संख्यालेखनच कच्चं आहे, आणि हे मला दोन इयत्ता एकत्र सांभाळत करायचं आहे, मी काय शिकू?' याला उत्तर देऊ शकणारी माणसं थोडी आहेत, आणि ती तुम्हाला शोधता येतील.

कुठे शोधायची? पहिलं, जवळच. डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, गणिताचे अधिव्याख्याते असतात. त्यांच्याकडे आदेशाची वाट न बघता सात वह्या घेऊन गेलेला शिक्षक क्वचितच येतो. गेलात तर ते वेळ देतील असा माझा अनुभव आहे. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था २००७ पासून प्राथमिक शाळांच्या शिक्षकांबरोबर भाषा आणि गणितावर काम करते आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे आणि मुलं गणितात कशा चुका करतात यावर तिथं अभ्यास होतो. आणि फलटण तर तुमच्याच जिल्ह्यात. मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा तिथं आहे. त्यांचं नाव मुख्यतः मुलांना वाचतं करण्यासाठी आहे, पण मी तुम्हाला तिथं गणित शिकायला पाठवत नाहीये. आधी विचारून, परवानगी घेऊन, एक दिवस वर्गात मागे बसा आणि बाई मुलाच्या चुकीशी कशा बोलतात तेवढं बघा. तो एक दिवस सुट्टीत नाही, शाळा चालू असतानाच मिळेल. त्यासाठी एक किरकोळ रजा गेली तर जाऊ द्या.

मे महिन्यातलं एखादं शिबिर निवडायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी फोन करा आणि स्पष्ट विचारा: मी माझ्या मुलांच्या वह्या आणल्या तर त्यावर काम होईल का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः बहुवर्ग सांभाळलाय का? आणि जूनमध्ये वर्गात करून पाहिल्यावर अडलं तर मी कुणाला विचारायचं, पुन्हा भेटणार आहोत का? शेवटच्या प्रश्नाला 'आमचा ग्रुप असतो' असं उत्तर आलं तर त्या ग्रुपवर काय चालतं तेही विचारा. शुभेच्छांचे फोटो चालत असतील तर समजा, ग्रुप नाही.

आता तुमच्या तीन वाटा. एआयच्या वर्गाला १८ हजार देऊ नका, हे मी बिनदिक्कत सांगते. ती साधनं निरुपयोगी आहेत असं नाही. सरावाची उदाहरणं काढायला, गोष्ट सोपी करून घ्यायला ती कामाला येतात, आणि तेवढं तुमच्या केंद्रातला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातला, एखादा तरुण शिक्षक तुम्हाला एका संध्याकाळी चहावर शिकवेल. पण कोणती उदाहरणं काढायची हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्यांचा उपयोग. ४०३ वजा १५८ आणि ४५३ वजा १२८ यांत मुलासाठी काय फरक आहे हे तुम्हाला ठाऊक असेल तर यंत्राला नेमकं सांगता येईल. मागे पडण्याची भीती घालून जे विकलं जातं ते आणखी वर्षभर थांबू शकतं. इंग्रजी संभाषणाबद्दल तुम्ही अर्धं वाक्यच लिहिलंय, त्यावरून ते तुमच्याही मनात फारसं नसावं.

एम.ए.बद्दल मात्र मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तुम्हाला अभ्यासाची ओढ असेल, शिक्षणाबद्दल मोठा विचार वाचावासा वाटत असेल, तर जरूर करा. त्यानं माणूस घडतो. फक्त त्यातून वजाबाकी सुटेल अशी अपेक्षा ठेवून करू नका, आणि टीईटीच्या वर्षात तर नकोच. पुढे केलंत तर प्रकल्पाचा विषय तुमच्याच वर्गातून उचला. तोवर १०० पानी वहीत लिहायला लागा: तारीख, मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर, चूक काय, मी काय केलं, काय झालं. आठवड्याला अर्ध पान पुरे. डी.एड.ला आपण कृतिसंशोधनाचे अहवाल एकमेकांचे बघून लिहिले, त्यामुळे त्या शब्दाची चवच गेली. पण ते म्हणजे हेच होतं.

सगळ्यात मोठं काम मात्र फुकटातलं आहे आणि तेच सगळ्यात अवघड आहे. तुम्हाला एक सोबती लागेल. शेजारच्या वर्गातले सर आहेत. ज्या पहिली-दुसरीत दशकाची ओळख होते ती त्यांच्याकडेच आहे, म्हणजे प्रश्न दोघांचा आहे. 'तुमच्याकडून कच्ची येतात' असं चुकूनही म्हणू नका. 'सर, मला हे कोडं सुटत नाहीये, जरा बघता का' असं म्हणा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाऊण तास. जपानात शिक्षक पिढ्यान् पिढ्या हे करत आले आहेत, त्याला जुग्यो केन्क्यू म्हणतात. तीन-चार शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एक शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात. ते शिकवणाऱ्याला गुण देत नाहीत, मुलं कुठे अडली ते टिपून घेतात. मग बसून बोलतात, पाठ बदलतात, दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतात. आपल्याकडे वर्गात कुणी मागे येऊन बसलं की तपासणी आली असं वाटतं, म्हणून हे जड जाईल. आधी तुम्ही तुमचा वर्ग उघडा.

आणि महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक. तिथं सूचना वाचून दाखवण्यात अर्धा दिवस जातो अशी सगळ्यांचीच तक्रार असते. तुमच्या केंद्रप्रमुखांकडे तीस मिनिटं मागा. पीपीटी नको, 'माझा नवोपक्रम' असं नाव नको. सात वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स वाटा, मुलांची नावं झाकून, आणि विचारा की ही चूक कुणाकुणाच्या वर्गात आहे. पंचवीस शिक्षकांच्या खोलीत एकदम गलका होईल बघा, कारण ती सगळ्यांकडे असते आणि कुणी कधी विचारलेलं नसतं. दोन-तीनजण तरी नंतर तुमच्याशी येऊन बोलतील. त्यांचे नंबर घ्या.

एका गोष्टीत तुमचं नशीब चांगलं आहे. तिसरी-चौथी दोन्ही तुमच्याकडे असल्यामुळे ही सात मुलं जूनमध्ये तुमच्याचकडे परत येणार आहेत. वर्ष संपलं म्हणून प्रश्न दुसऱ्याच्या हाती जाणार नाही. म्हणून मे महिन्यात सगळं आवरलं पाहिजे अशी घाई नको. शिबिराला गेलात तर सरांना, किंवा त्या दोन-तीनजणांपैकी कुणाला तरी बरोबर न्या. तुमच्या २० हजारांतून दुसऱ्याच्या एसटीचं भाडं दिलंत तरी तो खर्च त्या १८ हजारांपेक्षा सत्कारणी लागेल. उरलेल्यातून खोट्या नोटा, नाणी आणि दोन रंगांचे शंभर मणी आणा. दहा-दहाचे रंग आलटून पालटून त्यांची एक लांब माळ मुलांकडूनच ओवून घ्या. ओवताना ती मोजतात.

ती तीन उदाहरणं येत्या आठवड्यात घाला आणि सातही पानांचे फोटो मला सदराच्या पत्त्यावर पाठवा. प्रत्येकाखाली मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा, तुमच्या शब्दांत नको. ती पानं समोर ठेवून आपण फोनवर बोलू आणि मगच कोणत्या शिबिराला जायचं ते ठरवू.

तुमची,
सदरलेखिका